एकाच माणसाचे दोनदा मापन : परिणाम किती, हे कसे सांगावे?

झोप न येणाऱ्या माणसास रात्र किती लांब वाटते, हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाही. परंतु एखाद्या औषधाने त्याची झोप किती वाढली हे सांगावयाचे झाले, म्हणजे मात्र शास्त्रज्ञाचीही कसोटी लागते. १९०५ साली मिशिगन विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ आर्थर कश्नी व त्यांचे सहकारी पीबल्स यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कॅलामझू येथील मनोरुग्णालयात काही रोग्यांना निरनिराळ्या रात्री निरनिराळी निद्राकारक औषधे देऊन, त्यांना किती तास झोप लागली याची नोंद तीत होती. वास्तविक कश्नींचे कुतूहल वेगळेच होते. एकाच संयुगाची डावी व उजवी अशी जी दोन रूपे असतात, त्यांचा शरीरावरील परिणाम भिन्न असतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. पण त्या निबंधातील एक लहानसे कोष्टक आपल्या मूळ हेतूपेक्षा फार दूरवर जाऊन पोहोचले.

डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मितीच्या कारखान्यात काम करणारे विल्यम सीली गॉसेट यांनी तेच आकडे उचलले. 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्यांनी जो लेख लिहिला, त्यात हे दहा रोगी उदाहरण म्हणून आले. थोडक्या निरीक्षणांवरून निष्कर्ष कसा काढावा, याची आज जगभर 'टी-कसोटी' म्हणून ओळखली जाणारी रीत त्या लेखातून निघाली. पुढे १९२५ साली रोनाल्ड फिशर यांनी आपल्या ग्रंथात त्याच दहा रोग्यांना स्थान दिले आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या झोपेचे गणित सोडवीत आल्या.

आपणही तेच दहा रोगी घेऊ. कोणतेही औषध नसता त्यांची सरासरी झोप ३.२५ तास, म्हणजे सव्वातीन तास होती. पहिल्या औषधाने ती ४.०० तासांवर गेली आणि दुसऱ्याने ५.५८ तासांवर. प्रत्येक रोग्यास दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा किती तास अधिक झोप लागली, ते क्रमाने असे : १.२, २.४, १.३, १.३, ०.०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. यांची सरासरी १.५८ तास भरते. म्हणजे सुमारे एक तास पस्तीस मिनिटे.

कसोटी लावली असता 'टी'चे मूल्य ४.०६ येते. दोन्ही औषधे सारखीच गुणकारी असती, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याचा संभव हजारात तीनाहून कमी. हे ऐकून पुष्कळांचे समाधान होते आणि लेख तेथेच संपतो. परंतु कसोटीने काय सांगितले? फरक शून्य आहे असे मानणे कठीण आहे, एवढेच. फरक लहान आहे की मोठा, हे तिने सांगितलेले नाही; आणि रोग्यांची संख्या पुरेशी वाढविली, तर पाच मिनिटांचा फरकही अशा कसोटीत उत्तीर्ण होईल. म्हणून 'परिणाम आहे काय?' या प्रश्नाच्या पाठोपाठ 'परिणाम केवढा?' हा प्रश्न विचारावयास हवा. त्याचे उत्तर देणाऱ्या आकड्यास आपण 'परिणाममान' म्हणू.

परिणाममानाचे सर्वांत साधे रूप आपल्या हाती आलेलेच आहे : १.५८ तास. पण झोप तासांत मोजतात, रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत, स्मरणशक्ती आठवलेल्या शब्दांच्या संख्येत. यांची परस्परांशी तुलना करावयाची, किंवा निरनिराळ्या प्रश्नपत्रिका वापरलेल्या दहा अभ्यासांचे फलित एकत्र आणावयाचे, तर एकक काढून टाकावे लागते. त्यासाठी सरासरींतील फरकास प्रमाण-विचलनाने, म्हणजे आकड्यांच्या पसरटपणाच्या मापाने, भागतात. ही कल्पना आपल्या देशासही नवी नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेले सुप्रसिद्ध 'अंतर' याच जातीचे आहे. गुणधर्म एकच असेल तर ते अंतर म्हणजे सरासरींतील फरक भागिले प्रमाण-विचलन, दुसरे काही नव्हे. मानसशास्त्रात या भागाकाराचा प्रसार जेकब कोहेन यांच्या १९६९ सालच्या ग्रंथाने केला आणि त्यास 'डी' हे नाव रूढ झाले.

एक गट औषध घेणारा व दुसरा न घेणारा, असे दोन वेगळे गट असतील तर भागाकार सरळ आहे. पण आपल्यापुढे वीस माणसे नाहीत. दहाच आहेत आणि प्रत्येकाचे मापन दोनदा झालेले आहे. अशा वेळी भाजक म्हणून कोणते प्रमाण-विचलन घ्यावयाचे? या एका प्रश्नावर संशोधकांचे अहवाल एकमेकांशी बोलेनासे होतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

भाजक होण्यास दोन उमेदवार प्रामुख्याने पुढे येतात. पहिला म्हणजे माणसामाणसांतील झोपेचा पसरटपणा. पहिल्या औषधाच्या रात्रींत तो २.१० तास आहे, दुसऱ्याच्या रात्रींत १.६६ तास, दोहोंचा मेळ घातला तर १.८९ तास येतो. १.५८ ला त्याने भागले की ०.८३ मिळतात. यास 'व्यक्तींचे डी' म्हणू. दुसरा उमेदवार म्हणजे वर क्रमाने दिलेल्या त्या दहा फरकांचा आपापसांतील पसरटपणा. तो अवघा १.२३ तास आहे. १.५८ ला त्याने भागले तर १.२८ येतात. यास 'फरकांचे डी' म्हणू. रोगी तेच, रात्री त्याच, औषधे तीच; आणि परिणाममान एकदा ०.८३, एकदा १.२८!

यात लबाडी कोठेही नाही. फरकांचा पसरटपणा कमी का, ते पाहिले म्हणजे कोडे उलगडते. ज्यास पहिल्या औषधाने कमी झोप लागली, त्यास दुसऱ्यानेही बहुधा कमीच लागली; ज्यास जास्त, त्यास जास्त. दोन मापनांतील या साथीचे माप म्हणजे सहसंबंधांक, आणि तो येथे ०.८१ आहे. दोन्ही मापनांच्या प्रमाण-विचलनांचे वर्ग ४.४२ व २.७६, त्यांची बेरीज ७.१८. तीतून सहसंबंधांक आणि दोन्ही प्रमाण-विचलने यांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे ५.६७, वजा केली की १.५१ उरतात, आणि त्यांचे वर्गमूळ तेच १.२३. स्वभावतः कमी झोपणारे व स्वभावतः अधिक झोपणारे यांच्यातील तफावत वजाबाकीत नाहीशी होते. पुनरावृत्त मापनाची सारी शक्ती या वजाबाकीत आहे. याच दोन ओळी वीस निरनिराळ्या माणसांच्या मानून कसोटी लावली असती, तर 'टी' ४.०६ ऐवजी १.८६ आला असता आणि रूढ मर्यादेच्या आत बसला नसता.

पण जी गोष्ट कसोटीस बळ देते, तीच परिणाममानास फुगवू शकते. दोन्ही मापनांचा पसरटपणा सारखा असून सहसंबंधांक नेमका ०.५ असेल, तर दोन्ही डी समान येतात. तो ०.९५ असेल, तर फरकांचे डी व्यक्तींच्या डीच्या तिपटीहूनही अधिक होते, आणि ०.२ इतका क्षीण असेल, तर उलट कमी भरते. एवढेच नव्हे, प्रत्येक रोग्याच्या अधिक रात्री मोजून त्यांची सरासरी घेतली तर आकड्यांतील चंचलता कमी होते आणि फरकांचे डी वाढते. औषधाचा गुण मात्र रेसभरही वाढलेला नसतो. कश्नींच्या कोष्टकातील आकडेही एकेका रात्रीचे नसून अनेक रात्रींच्या सरासरीचे आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

नवव्या रोग्याकडे आता वळू. औषधावाचून त्यास १.१ तास झोप लागे. पहिल्या औषधानेही १.१ तासच. दुसऱ्याने ५.७ तास! दुसऱ्या औषधाचा सर्वांत मोठा साक्षीदार तोच. त्यास काही काळ बाजूला ठेवून उरलेल्या नऊ जणांचे गणित पुन्हा मांडले, तर काय व्हावे? सरासरी फरक १.५८ तासांवरून १.२४ तासांवर उतरतो, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. व्यक्तींचे डीही ०.८३ वरून ०.६७ वर उतरते. पण फरकांचे डी १.२८ वरून एकदम १.८९ वर चढते. ज्या रोग्यास औषध सर्वांत अधिक लागू पडले त्यास वगळताच औषधाचा 'परिणाम' वाढलेला दिसतो! कारण उघड आहे. त्या रोग्याचा ४.६ हा आकडा इतरांपासून फार दूर असल्यामुळे फरकांचा पसरटपणा त्याने जवळजवळ दुप्पट केला होता. तो गेल्यावर भाजक १.२३ वरून ०.६६ वर आला, आणि अंशापेक्षा छेद अधिक वेगाने घटला. फरकांचे डी हे परिणामाच्या मोठेपणाचे माप नसून त्याच्या एकसारखेपणाचे माप आहे, ही गोष्ट या एका उदाहरणाने जितकी पटते तितकी सूत्रांनी पटत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

तर मग फरकांचे डी टाकाऊ समजावयाचे काय? मुळीच नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे, इतकेच. फरकांची वाटणी प्रसामान्य वक्रास अनुसरून आहे असे मानले, तर १.२८ या मानाचा अर्थ असा होतो की, शंभरांपैकी सुमारे नव्वद रोग्यांना दुसरे औषध पहिल्यापेक्षा अधिक झोप देईल. आपल्या दहांत नऊ जणांना ती मिळाली आणि एकास दोन्हींनी सारखीच, हे त्याच्याशी सुसंगत आहे. व्यक्तींच्या ०.८३ चा अर्थ निराळा : दुसरे औषध घेतलेला कोणीही एक रोगी आणि पहिले घेतलेला दुसराच कोणी एक रोगी घेतला, तर पहिल्याची झोप अधिक असण्याचा संभव शेकडा सुमारे ७२. वैद्यास आपल्यापुढे बसलेल्या एका माणसाचे औषध बदलावयाचे असेल तर पहिले विधान उपयोगाचे आहे. दोन वेगळ्या गटांवर झालेल्या अभ्यासाशी तुलना करावयाची असेल तर दुसरेच घ्यावयास हवे. मूळ, औषधपूर्व स्थितीतील पसरटपणा, येथे १.७८ तास, हाही भाजक होऊ शकतो; त्याने भागले तर ०.८९ येतात. उपचाराने सरासरीबरोबर पसरटपणाही बदलतो असा संशय असेल, तेथे तो अधिक विश्वासू ठरतो, कारण उपचाराचा हात त्यास लागलेला नसतो.

कोहेन यांनी ०.२ लहान, ०.५ मध्यम व ०.८ मोठा, असे काही टप्पे सुचविले होते. ते वेगळ्या गटांच्या डीसाठी होते, आणि अन्य आधार नसेल तेव्हाच वापरावेत अशी त्यांची सावधगिरीची सूचनाही होती. फरकांचे डी काढून त्यास हे टप्पे लावणे म्हणजे मीटरने कापड मोजून गजाचा भाव देण्यासारखे आहे.

ही चूक केवळ कागदावर राहत नाही. समजा, कोणी हा अहवाल वाचून दोन वेगळ्या गटांचा नवा प्रयोग आखला आणि १.२८ हा आकडा तसाच उचलला. ऐंशी टक्के यशाची अपेक्षा ठेवून गणित केले, तर प्रत्येक गटात सुमारे ११ रोगी पुरेसे वाटतील. खरा आकडा ०.८३ घेतला तर सुमारे २४ लागतात. अकरांवर भागविलेल्या त्या प्रयोगास खरा फरक ओळखण्याची संधी निम्म्याहूनही कमी राहील. औषध गुणकारी असूनही 'फरक आढळला नाही' असा शेरा पडेल, आणि बावीस माणसांनी आपल्या रात्री व्यर्थ देऊ केल्या असे होईल. अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करणाऱ्या संशोधनास जीन ग्लास यांनी १९७६ साली नाव दिले व त्याची रीत रूढ केली; तेथेही हाच धोका आहे. काही अभ्यासांतून फरकांचे डी व काहींतून व्यक्तींचे डी घेऊन त्यांची सरासरी काढली, तर येणारा आकडा कशाचाच नसतो. १९९६ साली डनलॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनी याबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. 'टी'च्या मूल्यावरून उलट गणित करून डी काढणाऱ्यांकडून ही चूक विशेषकरून घडते, कारण जोडीच्या कसोटीतील 'टी'मध्ये सहसंबंध आधीच मुरलेला असतो.

मापने दोनापेक्षा अधिक असली की प्रचरण-विश्लेषणाचा आश्रय घ्यावा लागतो आणि तेथे डीची जागा 'ईटा-वर्ग' घेतो. एकूण चढउतारापैकी किती भाग उपचारामुळे, असा त्याचा आशय. नाव बदलले तरी घोटाळा तोच आहे. आपल्या दोन औषधांच्या कोष्टकात वर्गांची एकूण बेरीज ७७.१० येते. तीपैकी औषधांमधील फरकाचा वाटा १२.४८, रोग्यारोग्यांतील तफावतीचा ५७.८१ आणि उरलेला ६.८१. संगणकाचे तयार कार्यक्रम बहुधा 'आंशिक' ईटा-वर्ग देतात. त्यात रोग्यारोग्यांतील तफावत हिशेबातून बाहेर काढलेली असते. म्हणून १२.४८ ला १९.२९ ने भागून ०.६५ येतात. ती तफावत भाजकात ठेवली तर ०.१६ येतात. 'औषधाने पासष्ट टक्के चढउतार स्पष्ट होतो' असे वाक्य लिहिणाऱ्याने, चढउताराचा तीन-चतुर्थांश भाग आपण अगोदरच दाराबाहेर ठेवला आहे, हे वाचकास सांगावयास नको काय? ओलेज्निक व अल्जिना यांनी २००३ साली 'सामान्यीकृत' ईटा-वर्ग सुचविला तो याचसाठी : प्रयोग वेगळ्या गटांवर केलेला असो वा त्याच माणसांवर पुन्हा पुन्हा, उत्तरे एकाच मापाने मोजली जावीत. आपल्या उदाहरणात तो ०.१६ च होतो. निरनिराळ्या आराखड्यांच्या अभ्यासांत तुलना व्हावयाची असेल तर हाच द्यावा, असे आमचे मत आहे. आंशिक देण्यास हरकत नाही, पण त्याचे पूर्ण नाव लिहून.

थोड्या रोग्यांवरून काढलेले डी किंचित फुगलेले असते, हीही एक बाब आहे. हेजेस यांच्या दुरुस्तीने आपले १.२८ सुमारे १.१७ होतात आणि ०.८३ सुमारे ०.७६. दुरुस्ती केली असेल तर तसे लिहावे, इतके पुरे.

अहवाल लिहिणाऱ्याने प्रथम मूळ एककातील फरक व त्याचा विश्वास-अंतराल द्यावा. येथे तो १.५८ तास, आणि पंच्याण्णव टक्के विश्वासाने ०.७० ते २.४६ तास. म्हणजे दुसऱ्या औषधाचा अधिक लाभ बेचाळीस मिनिटांपासून जवळजवळ अडीच तासांपर्यंत कोठेही असू शकेल. हे एक वाक्य वैद्यास, परिचारिकेस आणि रोग्याच्या नातेवाइकासही कळते, ०.८३ त्यांपैकी कोणासच कळत नाही. त्यानंतर डी द्यावयाचे तर कोणत्या भाजकाने काढले ते शब्दांत सांगावे. आणि दोन्ही सरासऱ्या, दोन्ही प्रमाण-विचलने, व्यक्तींची संख्या व सहसंबंधांक एवढे आकडे नेमाने छापावेत. सहसंबंधांक सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. तो एक असला म्हणजे लेखकाने कोणतेही डी निवडलेले असो, वाचकास दुसरे आपल्या हाताने काढता येते; तो नसला तर बाकीच्या आकड्यांवरून अंदाज बांधीत बसावे लागते. जागा असेल तर प्रत्येक व्यक्तीचे आकडे द्यावेत, याहून उत्तम काही नाही.

मौज अशी की, गॉसेट यांनी १९०८ च्या लेखात सरासरी फरकास फरकांच्या प्रमाण-विचलनाने भागून जो आकडा प्रथम मांडला, तो १.३५ होता. ते वर्गांच्या बेरजेस नवाऐवजी दहाने भागीत, म्हणून त्यांचा भाजक १.२३ ऐवजी १.१७ आला. म्हणजे तो आकडा आपले फरकांचे डीच होय. परंतु त्यांनी त्याचा उपयोग परिणाम केवढा हे सांगण्यासाठी न करता, दुसरे औषध सरस असण्याची पैज किती, हे काढण्यासाठी केला, आणि ती सुमारे ६६६ ला १ अशी काढली. शिवाय त्यांच्या कोष्टकात औषधांची नावेही चुकीची पडली होती. एकाच द्रव्याची उजवी व डावी रूपे म्हणून त्यांनी ज्यांची नोंद केली, ती वास्तविक हायोसायमीन व हायोसीन ही दोन भिन्न द्रव्ये, आणि दोन्ही डाव्या रूपाची. स्टीफन सेन व रिचर्डसन यांनी १९९४ साली मूळ निबंधाकडे परत जाऊन हा सारा प्रकार उकलून दाखविला. त्यांना तो उकलता आला, कारण कश्नी व पीबल्स यांनी सरासरी छापून हात झटकले नव्हते. औषधावाचून किती झोप, या औषधाने किती, त्या औषधाने किती, हे त्यांनी एकेका रोग्यापुढे लिहून ठेवले होते. आणि या लेखातील एकूण एक डी, १.१ तासांवरून ५.७ तासांवर गेलेल्या त्या नवव्या रोग्यासकट, त्याच कोष्टकावरून काढलेले आहे.